नगराचा नकाशा आणि नागरिकांचा शब्द



वसंतातल्या व्याख्यानांना येणारा श्रोता मनात काही अपेक्षा धरून येतो. कुणी संतवाङ्मयावर बोलणार असतो, कुणी इतिहासावर, कुणी परदेशच्या प्रवासावर. मोरोपंतांच्या बारामतीत तर काव्यावर बोलावे हेच साहजिक. तेव्हा आजचे व्याख्यान नगरपालिकेच्या विकास आराखड्यावर आहे हे वाचून काही मंडळींनी घरी बसणे पसंत केले असेल, तर आमची त्यांच्याबद्दल तक्रार नाही. विषय रूक्ष आहे खरा. परंतु ज्या रस्त्याने आपण इथवर आलात तो किती रुंद असावा, त्याच्या कडेला झाड राहावे की दुकान यावे, आपल्या मुलांना खेळायला जागा उरावी की नाही, हे सारे याच रूक्ष विषयात ठरते. आणि ते ठरते तेव्हा आपण बहुधा तेथे नसतो.

आम्हांला या गोष्टीचे नवल वाटते, ते या भागातल्या माणसांमुळे. माळेगावच्या, सोमेश्वरच्या किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला आपण गेला असालच. मांडवात जागा पुरत नाही. सभासद अहवाल हातात घेऊन येतो, तोही पेन्सिलीने खुणा केलेला. उतारा का घसरला, टनामागे तोडणी-वाहतूक इतकी का पडली, मळीचे पैसे कुठे गेले, असे प्रश्न दिवस कलेपर्यंत चालतात. शाळा चौथीत सोडलेला शेतकरी ताळेबंदाच्या एका रकमेवर संचालकांना घाम फोडतो. तोच शेतकरी, त्याचा मुलगा किंवा जावई शहरात घर बांधून राहिला, की नगरपालिकेच्या नकाशाकडे ढुंकूनही पाहत नाही. कारखान्यात त्याचा शेअर आहे, त्याची पावती त्याच्या पेटीत आहे. गावाचा शेअर त्याच्या नावे आहे हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही.

हे आजचे नाही. बारामतीची नगरपालिका १८६५ सालची. तिचे आरंभीचे रूप म्हणजे साहेबाच्या मर्जीतली पंचमंडळी. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, तेव्हा कुठे लोकांनी निवडलेल्या सभासदांना थोडा वाव मिळू लागला. त्याआधीही एखादा माणूस सभेत लोकांचा शब्द बोलत असे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी नगरपालिकेने खर्च करावा असे ठरले, तेव्हा विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः नेमलेला सभासद नेमणाऱ्याच्याच सत्काराला नाही म्हणतो, ही गोष्ट आजही आम्हांला सोपी वाटत नाही.

आता नकाशाकडे येऊ. मुंबई इलाख्याने १९१५ साली नगररचनेचा कायदा केला. या देशातला तो पहिलाच. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांवर विकास आराखडा करण्याची जबाबदारी आली, आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आजही चालू आहे. त्याची रीत थोडक्यात अशी. नगरपालिका प्रथम आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग सध्या जमीन कशासाठी वापरली जाते त्याचा नकाशा होतो. त्यावरून प्रारूप आराखडा बनतो. तो राजपत्रात व वर्तमानपत्रांत सूचना देऊन प्रसिद्ध होतो, आणि लोकांना हरकती व सूचना देण्यास महिनाभराची मुदत मिळते. त्या ऐकण्यासाठी एक समिती बसते. तीत सभासदांतून तिघे, आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. समिती अहवाल देते, नगरपालिका फेरबदल करते, आणि शेवटी सारे कागद राज्य शासनाकडे मंजुरीला जातात. मंजूर झालेला आराखडा साधारण वीस वर्षे गावावर राज्य करतो. एवढी मुदत आपण कोणत्याच मंत्रिमंडळाला देत नाही.

कागदावर यात लोकांना जागा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण ती जागा कशी आहे? एका गावात, त्याचे नाव सांगत नाही, आम्ही प्रारूप आराखडा पाहायला गेलो होतो. नकाशा जिन्याखालच्या भिंतीवर लावला होता. दिवा बंद होता. शिपायाने खिडकी उघडून दिली म्हणून काही दिसले. पिवळा भाग राहण्याचा, हिरवा भाग शेतीचा, एवढे आम्हांला ठाऊक होते. पण बाकीच्या रंगांच्या आणि आरक्षणांच्या आकड्यांच्या खुलाशाचा कागद कुणीतरी काढून नेला होता. आमच्या शेजारी एक गृहस्थ सातबारा हातात धरून उभे होते. त्यांना आपला गट सापडेना. अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून ओढा शोधला, ओढ्यावरून मंदिर, मंदिरावरून त्यांचे रान. तेथे एक लाल रेघ होती. ते म्हणाले, "ही रेघ म्हणजे काय?" आम्ही म्हणालो, "रस्ता." त्यांनी पुन्हा विचारले, "पण तिथं तर आमची विहीर आहे!" त्यांनी हरकत दिली. पुढे काय झाले ते आम्हांला कळले नाही, आणि त्यांनाही बरेच दिवस कळले नाही.

दुसरी एक हकीकत याहून वाईट. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने, तेही दुसऱ्याच गावी, शेताच्या कडेला दीड गुंठा जागा घेतली. बांधकामाचा परवाना मागायला गेले तेव्हा कळले, की जागेतून बारा मीटरचा रस्ता आखलेला आहे आणि हरकतीची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली आहे. सूचना वर्तमानपत्रात आली होती. ते वर्तमानपत्र त्यांच्या घरी येत नव्हते. कायद्याच्या दृष्टीने त्यांना कळविण्यात आले होते.

आता आरक्षणाचेही थोडे सांगावे लागेल, कारण तेथे नुकसान जमीनमालकाचे एकट्याचे होत नाही. आराखड्यात एखाद्या तुकड्यावर बागेचे, शाळेचे किंवा क्रीडांगणाचे आरक्षण पडते. मालक बांधू शकत नाही, विकू म्हणेल तर धड किंमत येत नाही. दहा वर्षे थांबून त्याने नोटीस दिली, आणि त्यानंतरच्या मुदतीत नगरपालिकेने जमीन घेतली नाही, तर आरक्षण रद्द होते. मालक सुटतो, त्याचे बरोबरच आहे. परंतु ज्या वस्तीसाठी ती बाग होती त्या वस्तीचे काय? तिला कुणी विचारलेले नसते. पैसा नव्हता, म्हणून बाग गेली. पैसा बागेवर घालावा की प्रवेशद्वाराच्या कमानीवर, हा प्रश्न त्या वस्तीपुढे कधी ठेवलाच गेला नाही.

काही जाणकार म्हणतात, लोकांना विचारून काय उपयोग, जो तो आपापल्या गुंठ्यापुरते पाहतो. यात तथ्य आहे. हरकती वाचून पाहाव्यात. शंभरातल्या पुष्कळ "माझ्या जागेतून रस्ता नको, शेजारच्याच्या जागेतून न्या" अशाच असतात. पण हा दोष लोकांचा की विचारण्याच्या पद्धतीचा? ज्याला शेवटच्या महिन्यात, सारे ठरल्यावर विचारले, तो हरकतच घेणार. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या. २०१५ साली शासनाने तो आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला. मुंबईचा आराखडा २०१५ साली आला, त्यात चुका इतक्या होत्या, की साठ हजारांहून अधिक हरकती पडल्या आणि तो पुन्हा करण्याचा हुकूम झाला. नवा मसुदा २०१६ साली आला आणि मंजुरीला २०१८ उजाडले. आधी विचारायला लागले असते ते सहा महिने वाचविण्यासाठी किती वर्षे खर्ची पडली, याचा हिशेब कारखान्याच्या सभेतला आमचा शेतकरी एका मिनिटात मांडून दाखवील.

आणि हरकत घेतो तो बहुधा मालक. भाडेकरू, हातगाडीवाला, बाजारात माळवे घेऊन बसणारी बाई, उसाच्या तोडीसाठी येऊन पालात राहणारे कुटुंब यांचे नकाशावर नावच नाही. आठवड्याचा बाजार कुठे भरेल हा प्रश्न त्या बाईचा आहे. पण समितीपुढे ती उभी राहिलेली आम्ही तरी पाहिली नाही.

इंदापूरकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातली गावे गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या पळसदेवचे देऊळ वर येते, आणि लोक ते पाहायला होड्यांतून जातात. त्या गावांची जमीन घेतली गेली ती १८९४ च्या कायद्याने. त्या कायद्यात हरकत घेण्याची सोय होती, पण ज्याचा जमिनीत हितसंबंध आहे त्यालाच. गावच्या सुताराचा, धोब्याचा, शेतमजुराचा हितसंबंध कोणत्या उताऱ्यावर लिहिलेला असतो? गाव उठले तेव्हा मालकाला थोडेफार विचारले, आणि गावाला कुणीच विचारले नाही. धरण नको होते असे आम्ही म्हणत नाही. त्या पाण्यावर आज केवढा मुलूख जगतो. परंतु विचारण्याची रीत काय होती हे आपण ध्यानात ठेवावे, कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांची जाहीर सुनावणी आणली, ती अशाच अनुभवांनंतर.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी खरोखर येथे उभे आहोत तिच्याकडे येतो. बारामतीची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत सुमारे ५४ हजार होती, इंदापूरची सुमारे २५ हजार. पुढे बारामतीची हद्द वाढली. तांदूळवाडी, जळोची, रुई आणि बारामती ग्रामीणचा भाग आता नगरपालिकेत आहे. या गावांतले लोक कालपर्यंत ग्रामपंचायतीचे रहिवासी होते. त्यांना ग्रामसभा होती. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ती त्यांना दिली आहे, आणि १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत जागा मिळाली. वर्षातून किमान चार सभा. मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी असेल तेवढ्यांची गणपूर्ती. सभेआधी बायकांची वेगळी सभा. गावाचा आराखडा, योजनांचे लाभार्थी, खर्चाचा हिशेब, सारे त्या सभेपुढे यावयाचे.

ग्रामसभेची स्तुती करण्याचा आमचा इरादा नाही. पुष्कळ ठिकाणी ती कशी होते ते आपण जाणता. पारावर सतरंजी घातली जाते, सरपंचाच्या भावकीतली बारा माणसे बसतात, गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. बाकीच्या सह्या घरोघर फिरून आणल्या जातात. तरीसुद्धा ज्या दिवशी गावाला राग येतो त्या दिवशी गाव पारावर जमते आणि ग्रामसेवकाला विचारते. तो हक्क असतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने याच हक्कावर आपले जंगल राखले, नगरच्या हिवरे बाजारने याच सभेत पाण्याचा जमाखर्च मांडला.

हद्दवाढ झाली त्या दिवशी जळोचीच्या माणसाला दिवे मिळाले, नळ मिळाला, रस्ता मिळेल असे आश्वासन मिळाले, आणि त्याची ग्रामसभा गेली. तिच्या जागी काय आले? ७४ व्या घटनादुरुस्तीत प्रभाग समित्यांची सक्ती आहे, पण ती तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांना. बारामती तेवढी मोठी नाही, इंदापूर तर नाहीच. म्हणजे खेडे असते तर सभा असती, पुणे असते तर निदान समिती असती. मधल्या गावाच्या वाट्याला पाच वर्षांनी एक मत. आणि तेही कधी नसते: राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत काही वर्षे प्रशासकच होते, निवडणुका झाल्या त्या २०२५ च्या अखेरीस. त्या काळात त्या गावांचा कारभार चालला, रस्ते झाले, निविदा निघाल्या. फक्त कुणाला विचारावे असा माणूस नव्हता.

त्यात आणखी एक गाठ आहे. औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत नियोजनाचे काम औद्योगिक विकास महामंडळाकडे असते, नगरपालिकेकडे नव्हे. ज्या वसाहतीत आपली मुले कामाला जातात, जिचा धूर आणि सांडपाणी आपल्या अंगणाशी येते, तिच्या नकाशाविषयी नगरपालिकेचा सभासदही पाहुण्यासारखाच.

मग करावे काय? कायदा बदलेपर्यंत थांबावे असे आम्ही म्हणणार नाही. पॅट्रिक गेडीस नावाचा स्कॉटिश विद्वान १९१४ साली हिंदुस्थानात आला. पुढे मुंबई विद्यापीठात तो समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. होळकरांच्या इंदुरात त्याला नगररचनेचा अहवाल करावयास बोलावले होते. गावात प्लेग होता आणि नकाशे घेऊन हिंडणाऱ्या या साहेबाला पाहून लोक बिचकत. तेव्हा त्याने दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीचा अधिकार मागून घेतला, आणि जाहीर केले, की यंदा मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ व दुरुस्त दिसतील त्या गल्ल्यांतून जाईल. सारे इंदूर झाडू घेऊन बाहेर पडले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती, आणि सफाई कामगार हार घालून चालत होते. लोकांना नकाशा कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत वाचावी. त्यांना मिरवणुकीची वाट कळते, आणि तीही नकाशाच असते.

आपल्याकडे तर याचा अनुभव दरवर्षीचा आहे. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापुरी येते. कोणती दिंडी कोणाच्या वाड्यात, पाण्याचे टँकर कुठे, कुणाकडे पिठले-भाकरी, कुणाकडे आंघोळीची सोय, रिंगणाला किती मैदान लागेल, हे गावातली माणसे बसून ठरवतात. म्हातारी माणसे तोंडपाठ सांगतात. पण त्याच मैदानावर आराखड्यात काय दाखविले आहे, हे त्यांतल्या किती जणांना माहीत आहे?

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होण्याच्या आधी, जमिनीच्या वापराचा नकाशा तयार होतो त्याच वेळी, नगरपालिकेने प्रत्येक प्रभागात संध्याकाळी सभा घ्यावी. शाळेत घ्यावी, कचेरीत नव्हे. आणि नवा रस्ता जेथून आखला आहे तेथे फक्कीने रेघ मारावी. कबड्डीचे मैदान आखायला जी पांढरी फक्की लागते तीच. बागेच्या आरक्षणाच्या चार कोपऱ्यांवर चार खुंट्या ठोकाव्यात. खर्च काही शेकड्यांचा. त्या रेघेवर उभे राहून माणूस विहीर दाखवील, झाड दाखवील, ओढ्याला पूर कुठवर येतो ते दाखवील. कऱ्हेचा पूर कुठवर चढला होता हे अभियंत्याच्या कागदापेक्षा काठावरच्या माणसाला अधिक ठाऊक असते.

पैशाचेही तसेच. पुणे महापालिकेने २००६ साली अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्यास आरंभ केला. लोकांनी कुठे पदपथ मागितला, कुठे बसथांब्याचे छप्पर. केरळने तर १९९६ साली योजनेच्या पैशाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक स्थानिक संस्थांकडे देऊन वॉर्डावॉर्डांत सभा घेतल्या. पुण्यातल्या प्रयोगात रकमा लहान होत्या, आणि फॉर्म भरणारे बरेचसे सुशिक्षितच होते, हा दोष आम्ही झाकीत नाही. पण मागणी लिहून देण्याची सवय लागली, हे काही थोडे नाही.

तोवर कायद्यात जे आहे तेवढे तरी वापरावे. नगरपालिकेची सर्वसाधारण सभा लोकांना बसून ऐकता येते, गोपनीय ठरविली नसेल तर. सभेचे इतिवृत्त पाहण्याचा रहिवाशाला अधिकार आहे. २००५ च्या माहिती अधिकाराने ठराव, निविदा, मोजणीचे नकाशे मागता येतात. आराखड्यात मागाहून लहान फेरबदल करावयाचा असेल तर त्यासाठीही जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. त्या सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येतात, तेथे कुणीतरी डोळा ठेवावा. आणि त्या समितीतले चार जाणकार कोण, हे गावाने आधीच विचारावे. त्यांत एखादी शाळेची बाई, एखादा पाटाच्या पाण्यावर भिजवणारा शेतकरी असायला कायद्याची आडकाठी असू नये. "व्यवहारातला अनुभव" हे शब्द कायद्यातच आहेत.

अध्यक्षमहाराजांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा थांबतो. मंजूर आराखड्याच्या नकाशाची प्रत नगरपालिकेत फी भरून मिळते. एक आम्ही बरोबर आणली आहे आणि मागच्या टेबलावर पसरून ठेवली आहे, चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवून. जाताना आपापला गट क्रमांक शोधून पाहा. रंगांचा खुलासा आम्ही शेजारीच चिकटवला आहे.